पोपटाची अंडी आणि ओयोची गादी

१७७४ साली ओयोच्या राजाकडे त्याच्या मानकऱ्यांनी एक नजराणा धाडला. त्यात पोपटाची अंडी होती आणि सोबत मोठा आदबशीर निरोप. राज्याचा भार वाहून महाराज थकले असतील, तेव्हा त्यांनी आता जरा झोप घ्यावी. ही झोप कोणती, ते दरबारात सगळ्यांना ठाऊक होतं. रिवाज असा, की राजाने मानकऱ्यांचे आभार मानायचे, आतल्या महालात जायचं आणि आपल्याच स्त्रियांच्या हातून मरण पत्करायचं. या राजाने अंडी परत पाठवली. आपल्याला तूर्त झोप आलेली नाही, असं त्याने कळवलं.

प्रसंग नोंदवला आहे तो आर्चिबाल्ड डॅल्झेल या गुलामांच्या व्यापाऱ्याने, १७९३ साली छापलेल्या दाहोमीच्या इतिहासात. डॅल्झेलने किनाऱ्यावरच्या व्हिडा इथल्या इंग्रजांच्या किल्ल्यात कारभार केला होता. आतल्या मुलखातल्या बातम्या त्याच्यापर्यंत कानोकानी पोचत, त्यामुळे त्याचा शब्दन् शब्द खरा मानायचं कारण नाही. पण अंड्यांचा रिवाज ओयोच्या स्वतःच्या परंपरेतही सांगितला जातो. आणि ज्याला झोपायला सांगितलं गेलं तो काही चार गावांचा पुढारी नव्हता. आजच्या नैऋत्य नायजेरियाचा मोठा भाग त्याच्या अमलाखाली होता. शेजारचं दाहोमीचं लढवय्यं राज्य त्याला दरसाल खंडणी भरत होतं. त्याच्या घोडदळाचं नाव किनाऱ्यावरच्या युरोपीय व्यापाऱ्यांनाही धडकी भरवी. अशा राजाला मानकऱ्यांनी अंडी पाठवून मरायला सांगावं, आणि एरवी त्याने ते मुकाट्याने ऐकावं, ही व्यवस्था उभी राहिली कशी?

ओयो हे योरुबा लोकांचं राज्य. योरुबाभाषक आज चार कोटींच्या घरात आहेत. बहुतेक नायजेरियात, बाकी शेजारच्या बेनिन आणि टोगोत. त्यांची राज्यं अनेक होती आणि आपसांत लढतही होती. पण आपलं मूळ कुठलं असं विचारलं की सगळे एकाच गावाकडे बोट दाखवतात, ते म्हणजे इले-इफे.

योरुबांच्या मते जगाची सुरुवातच इफेत झाली. आधी खाली नुसतं पाणी होतं. आकाशातल्या ओलोदुमारे या परमेश्वराने ओबाताला या देवाला एक साखळी, गोगलगायीच्या शंखात भरलेली माती, पाच बोटांची कोंबडी आणि ताडाचं एक बी देऊन जमीन घडवायला पाठवलं. वाटेत ओबाताला ताडी प्यायला आणि गाढ झोपला. त्याच्यामागून आलेल्या ओदुदुवाने सामान उचललं, साखळीवरून खाली उतरला, पाण्यावर माती ओतली आणि तिच्यावर कोंबडी सोडली. कोंबडीने पायांनी माती उकरून चहूकडे पसरली. जिथे हे घडलं ते इफे, आणि ओदुदुवा तिथला पहिला राजा. काही भागांत ओदुदुवा ही देवी मानतात, ते वेगळंच.

या कथेत एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. काम सोपवलं होतं एकाला आणि राज्य मिळालं दुसऱ्याला. ओबाताला म्हणजे इफेचे मूळ रहिवासी आणि ओदुदुवा म्हणजे नंतर येऊन सत्ता घेणारा गट, असा अर्थ अनेक अभ्यासकांनी लावला आहे. तो पटण्याजोगा आहे, कारण इफेच्या विधींमध्ये या दोघांचं भांडण आणि समेट अजून खेळून दाखवतात.

दुसरी एक उगमकथा मात्र थेट मक्केला जाते. तिच्यात ओदुदुवा हा लामुरुदू नावाच्या राजाचा मुलगा असतो, मूर्तिपूजेवरून तंटा होतो आणि तो परिवारासह निघून इफेला येतो. ही कथा सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या योरुबांच्या इतिहासात दिली आहे. जॉन्सन हे ओयोत काम करणारे अँग्लिकन पाद्री. त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून, दरबारातल्या भाटांकडून ऐकून ऐकून सगळा इतिहास जमवला आणि १८९७ साली पूर्ण केला. हस्तलिखित इंग्लंडला प्रकाशकाकडे पाठवलं, तिथे ते गहाळ झालं. १९०१ साली जॉन्सन वारले. मग त्यांचे डॉक्टर भाऊ ओबादाया यांनी टिपणांवरून ग्रंथ पुन्हा उभा केला आणि तो छापून आला १९२१ साली. ओयोविषयी आज जे काही लिहिलं जातं त्यातलं निम्मंशिम्मं या एका पुस्तकाच्या आधाराने. मक्केची कथा स्वतः जॉन्सन यांनाही जशीच्या तशी मान्य नव्हती. उत्तरेकडच्या मुस्लिम राज्यांची प्रतिष्ठा वाढत गेली तशी आपलं मूळ पूर्वेला नेऊन ठेवण्याची हौसही वाढली, असंच म्हणावं लागतं.

इफेची जमीन स्वतः काय सांगते? १९१० साली लिओ फ्रोबेनियस हा जर्मन संशोधक तिथे पोचला. भाजक्या मातीचे आणि धातूचे विलक्षण सुंदर मुखवटे पाहून हे आफ्रिकी माणसाचं काम असेल हे त्याला पटेना. बुडालेल्या अटलांटिसच्या वसाहतीचे हे अवशेष, असं त्याने जाहीर करून टाकलं. पुढे १९३८ साली राजवाड्याजवळच्या वुनमोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना पितळ आणि तांब्याचे डझनाहून अधिक मानवी चेहरे निघाले, जवळजवळ जिवंत माणसाच्या मापाचे. शांत डोळे, भरलेले ओठ, काहींच्या गालांवर उभ्या बारीक रेषा, आणि केसांच्या कडेने छोटी छोटी भोकं. कदाचित त्यांतून मण्यांचा मुकुट किंवा झालर बांधत असावेत. हे काम साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकातलं, तिथल्याच कारागिरांचं. मेणाची प्रतिकृती करून धातू ओतण्याचं हे कसब इतकं पक्कं आहे की फ्रोबेनियसच्या अटलांटिसची गरजच उरत नाही. इफेत खापऱ्या उभ्या रचून केलेल्या फरशा सापडल्या आहेत, काचेचे मणी बनवण्याच्या भट्ट्यांचे अवशेषही सापडले आहेत. काच तिथेच तयार होत होती आणि मणी दूरदूर जात होते. म्हणजे जगाची सुरुवात इथे झाली असो वा नसो, मणी आणि मुकुट यांची सुरुवात योरुबांपुरती नक्की इथेच झाली.

मुकुटाचा हा मामला पुढे फार महत्त्वाचा ठरतो. योरुबा राजाचा खरा मुकुट सोन्याचा नसतो. तो उंच, निमुळता, रंगीत मण्यांनी मढवलेला असतो. त्यावर मण्यांचेच चेहरे आणि पक्षी असतात, आणि पुढून मण्यांच्या माळांची झालर लोंबते. ती राजाचा चेहरा झाकून टाकते. समोरच्याला माणूस दिसूच नये, दिसावी ती गादी, हा त्यामागचा हिशेब. आणि असा मुकुट घालायचा हक्क ओदुदुवाच्या वंशजांनाच. १९०३ साली एपे नावाच्या गावच्या राजाने झालरीचा मुकुट घातला आणि वाद पेटला, तेव्हा लागोसच्या ब्रिटिश गव्हर्नरने निवाड्यासाठी इफेच्या राजाला, म्हणजे ओनीला बोलावलं. ओनी आपलं गाव सोडून निघाले ही गोष्टच इतकी अघटित मानली गेली की ते परत येईपर्यंत कित्येक योरुबा राजे आपापले राजवाडे सोडून बाहेर राहिले, असं सांगतात. ओनींनी लागोसला जाऊन सांगितलं की एपेच्या राजाला तो हक्क नाही.

आता इफेहून ओयोकडे. जॉन्सन यांनी दिलेल्या कथेनुसार ओदुदुवाच्या नातवंडांमध्ये त्याच्या मालमत्तेची वाटणी झाली. बेनिनच्या राजाला पैसा मिळाला, म्हणजे कवड्या. कुणाला बायका मिळाल्या, कुणाला गुरं, कुणाला मणी, कुणाला वस्त्रं, केतूच्या राजाला मुकुट. धाकटा ओरान्मियान बाहेर मोहिमेवर होता. तो परतला तेव्हा उरली होती फक्त जमीन. त्याने ती घेतली, आणि मग इतरांना कळून चुकलं की आपण जिथे उभे आहोत ती जागा याची आहे. जमिनीवर राहायचं तर त्याला खंड द्यायला हवा. ओरान्मियान हा ओयोचा पहिला राजा. थोडक्यात, ही कथा म्हणजे ओयोच्या दरबाराने जपून ठेवलेला सातबारा आहे. साम्राज्य मोठं झाल्यावर कुणीतरी तो आपल्या नावावर करून घेतला असणार, पण शतकानुशतकं खंडणी वसूल करायला तो पुरला.

कथेतल्या कवड्यांचा धागा आपल्याकडेही येतो. पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून चाललेल्या कवड्या मुख्यतः मालदीवच्या. त्या बंगाल आणि श्रीलंकेच्या बंदरांतून डच आणि इंग्रज जहाजांवर चढत, युरोपात जात आणि तिथून गिनीच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला उतरत. भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात जी माळ म्हणून पवित्र आहे, ती कवडी तिकडे एका माणसाची किंमत मोजायला वापरली जात होती.

ओरान्मियानची खूण म्हणून इफेत आजही एक दगडी खांब उभा आहे, साडेपाच मीटरच्या आसपास उंच, वरून खाली लोखंडी खिळे ठोकलेला. त्याने ओयो वसवलं ते मात्र बरंच उत्तरेला. बुस्साच्या राजाने त्याला गळ्यात ताईत बांधलेला एक साप दिला, आणि हा जिथे सात दिवस थांबून दिसेनासा होईल तिथे शहर वसव, असं सांगितलं, ही त्याची कथा. साप थांबला ती जागा घनदाट जंगलाबाहेरची, गवताळ माळरानाची होती. सापाला श्रेय द्यायचं की भूगोलाला, ते ज्याने त्याने ठरवावं. जंगलपट्ट्यात त्सेत्से माशी घोडी जगू देत नाही, माळरानावर ती जगतात. ओयोने उत्तरेकडच्या बाजारांतून घोडी विकत घेतली आणि घोडदळ उभं केलं. ते घोडदळ जिथवर दौडू शकलं तिथवर ओयोचं साम्राज्य गेलं.

या घराण्यातला सर्वांत प्रसिद्ध राजा शांगो. भाऊ अजाका फार सौम्य निघाला म्हणून त्याला दूर करून शांगोला गादीवर बसवलं, अशी परंपरा आहे. शांगो तापट, तोंडातून ज्वाळा काढणारा. शेवटी सरदार आणि प्रजा उलटली आणि त्याने कोसो इथे गळफास घेतला, असं विरोधक म्हणाले. भक्त म्हणाले, छे, राजा फासावर गेलाच नाही, तो आकाशात गेला. तेव्हापासून तो विजेचा देव आहे आणि ओयोचे सगळे राजे त्याचे वारस. अजाका मात्र पुन्हा गादीवर आला. म्हणजे ओयोच्या इतिहासाच्या पहिल्या पानावरच एक राजा पदच्युत झालेला आहे आणि दुसरा प्रजेच्या रोषाने मेलेला.

सोळाव्या शतकात, १५३५च्या सुमारास, उत्तरेकडच्या नुपे लोकांनी राजधानी उद्ध्वस्त केली. राजघराणं परागंदा झालं आणि पुढे इगबोहो गावी स्थिरावलं. तिथे चार राजे झाले. १६१०च्या सुमारास अबिपा राजाने जुन्या राजधानीत परत जायचं ठरवलं. सरदारांची घरंदारं आता इगबोहोत होती, त्यांना हे नको होतं. राजाचे लोक जागा पाहायला गेले तेव्हा रात्री टेकड्यांवरून विचित्र आकृत्या हिंडताना, ओरडताना दिसल्या. भुतं! राजाने शिकारी पाठवले. त्यांनी भुतं धरून आणली, तर ती कुबडी, लंगडी, पांढऱ्या त्वचेची माणसं निघाली, सरदारांनीच पाठवलेली. अबिपाने कुणालाही शिक्षा केली नाही. दरबार भरला तेव्हा त्याने प्रत्येक सरदाराला भोपळ्याच्या भांड्यातून मद्य पाठवलं, ज्याच्या त्याच्या भुताच्याच हातून. राजधानी परत गेली आणि अबिपाला भुतं पकडणारा राजा हे नाव कायमचं चिकटलं.

ओयोच्या राजाचं पद अलाफिन, म्हणजे राजवाड्याचा धनी. तो राजवाड्याचा धनी जितका होता तितकाच त्याचा कैदीही. लोकांना तो दिसे वर्षातून तीन सणांना, तोही झालरीआडून. त्याचा शब्द बाहेर पोचवत ते इलारी. त्यांचं अर्धं डोकं भादरलेलं असे, ही त्यांच्या पदाची खूण. तीन बडे खोजे राजाच्या वतीने काम पाहत, एक न्यायनिवाडा, एक शांगोची उपासना, एक राज्यकारभार. यांपैकी डाव्या हाताचा म्हणून ओळखला जाणारा खोजा प्रसंगी राजाचा पोशाख घालून राजाच्या जागी बसे.

राजवाड्यातल्या स्त्रियांची तर स्वतंत्र श्रेणी होती. राज्याभिषेकात मुकुट डोक्यावर ठेवण्याचा मान इयाकेरे या पदावरच्या स्त्रीचा. राजाची आई जिवंत असली तर राजाच्या वरचं कुणी उरू नये म्हणून तिला मरण पत्करावं लागे आणि तिच्या जागी दरबारातली एक मानाची आई नेमली जाई. सर्वांत नवलाची इयामोदे. पूर्वीच्या राजांच्या समाध्या सांभाळणारी ही म्हातारी बाई. अलाफिन तिच्यापुढे गुडघे टेकतो आणि तिला ‘बाबा’ म्हणून हाक मारतो, कारण तिच्या रूपात त्याचे वाडवडील समोर बसलेले असतात. तीही गुडघे टेकूनच उत्तर देते. लाखभर लोकांना लोटांगण घालायला लावणारा राजा ज्या एका माणसासमोर वाकतो, ती ही समाधीवाली.

गादीचा वारस कोण, हे राजा ठरवत नसे. ते ठरवत ओयो मेसी, म्हणजे सात सरदारांचं मंडळ. बशोरुन हा त्यांचा मुख्य. सगळे जुन्या घराण्यांचे, राजाने नेमलेले नव्हेत, म्हणून राजाच्या उपकाराखाली नसलेले. निवड झाल्यावर इफेहून न्यायाची तलवार आणून नव्या राजाच्या हाती देत. ती हाती आल्याशिवाय त्याला देहदंड देण्याचा अधिकार नसे. आणि दरवर्षी एका सणात बशोरुन कोला फळाच्या फाकांचा कौल घेई. राजाचा स्वर्गातला जोडीदार, त्याचा वरचा आत्मा, अजून त्याच्या बाजूने आहे का, याचा तो कौल. विरुद्ध गेला तर राजाकडे रिकामा भोपळा किंवा पोपटाची अंडी जात. देवांनी, प्रजेने आणि धरणीने आपल्याला टाकलं, असा त्याचा अर्थ.

पण बशोरुनलाही मोकळं रान नव्हतं. ओग्बोनी नावाचं वडीलधाऱ्यांचं गुप्त मंडळ धरणीची उपासना करी, आणि रक्त सांडण्याच्या प्रकरणात त्यांचा शब्द शेवटचा असे. राजाला मरायला लावलं तर ओयो मेसीपैकी एकालाही त्याच्यासोबत जावं लागे, अशी परंपरा सांगतात. युवराज, म्हणजे आरेमो, बापाच्या हयातीत कारभारात मोठा अधिकार गाजवे, पण बाप मेला की त्यालाही मरावं लागे. बापाला विष घालून लवकर गादी मिळवायचा मोह राहायला नको. सेनापती काकान्फोला राजधानीपासून दूर, सरहद्दीवर राहावं लागे. मोहिमेत हरला तर त्याने जिवंत परतायचं नाही. राजाचा अश्वाध्यक्ष आणि आणखी काही सोबती राजाबरोबर परलोकी जायला आधीच बांधलेले.

एकूण काय, तर ओयोत मोठं पद हवं असेल तर जीव तारण ठेवावा लागे. लेखी घटना नाही, न्यायालय नाही, मग सत्तेला लगाम घालायचा कशाने? याचं ओयोने शोधलेलं उत्तर हे होतं. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या काही इंग्रजांनी आणि विसाव्या शतकातल्या काही प्राध्यापकांनी या रचनेचं समतोल म्हणून खूप कौतुक केलं. ते अर्धंच खरं आहे. ही रचना चालली ती जोवर प्रत्येक जण आपली पाळी आल्यावर खरोखर मरत होता तोवरच. आणि साम्राज्याची भरभराट गुलामांच्या व्यापारावर होती, हे त्या कौतुकात नेमकं राहून जातं.

अठराव्या शतकाच्या मध्याला गाहा नावाचा बशोरुन आला. त्याने १७५४ पासून राजे बसवले आणि उठवले. लाबिसीला राज्याभिषेकाआधीच मरायला लावलं. अवोनबिओजूने आपल्याच प्रधानापुढे लोटांगण घालायला नकार दिला, तो १३० दिवस टिकला. आग्बोलुआजे आणि माजेओग्बे हेही त्याच वाटेने गेले. गाहाच्या मुलांनी मुलूखभर खंडणी आपल्या घशात घालायला सुरुवात केली. मग आला अबिओदुन. त्याने रोज सकाळी गाहाच्या दारात जाऊन मुजरा केला, मान खाली घातली आणि रात्री लपूनछपून प्रांतातल्या सेनापतींची मोट बांधली. १७७४ साली गाहा आणि त्याचं सारं गोत मारलं गेलं. डॅल्झेलच्या गोष्टीत अंडी परत पाठवणारा राजा तो हाच, असं इतिहासकार मानतात. एक लक्षात ठेवायला हवं: गाहाला राक्षस म्हणून रंगवणारे सॅम्युअल जॉन्सन स्वतः अबिओदुनच्या वंशातले होते.

अबिओदुनचं राज्य संपन्नतेचं म्हणून आठवलं जातं. पण त्याने एक गोष्ट कायमची मोडली होती. अंडी परत करता येतात, हे सर्वांना कळलं.

त्याच्यानंतर १७८९ साली आवोले गादीवर आला. त्याने अपोमू या बाजारपेठेवर फौज पाठवली. अपोमू इफेच्या अमलाखाली होतं आणि इफेवर हत्यार उचलणार नाही अशी शपथ प्रत्येक अलाफिनने घेतलेली असते. मग त्याने सेनापती अफोन्जाला इवेरे-इले या जवळजवळ अजिंक्य गावावर पाठवलं. जिंकला तर ठीक, हरला तर रिवाजाप्रमाणे मरेल. अफोन्जाने डाव ओळखला. सैन्य तसंच राजधानीकडे वळलं आणि राजाकडे रिकामा भोपळा गेला. आवोलेने रिवाज पाळला, पण पाळताना त्याने राजवाड्याच्या आवारात उभं राहून तीन दिशांना तीन बाण सोडले. माझी प्रजा या बाणांच्या वाटेने गुलाम होऊन जाईल, असा शाप दिला. मग एक मातीचं भांडं आपटून फोडलं. फुटलेलं भांडं सांधत नाही, तसा हा शब्द फिरणार नाही, आणि मग त्याने विष घेतलं. हे साल १७९६.

शाप खरा होता की नंतर रचला, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. पुढच्या चाळीस वर्षांत जे घडलं ते लोकांना समजून घ्यायचं होतं, आणि शापाइतकं सोपं स्पष्टीकरण दुसरं नव्हतं. अफोन्जाने इलोरिन इथे स्वतःचं बंड उभारलं, मदतीला फुलानी मौलवी अलिमीला बोलावलं, आणि शेवटी त्याच मित्रांच्या हातून मारला गेला. इलोरिनची अमिरात झाली. योरुबा मुलखात लढायांचा वणवा पेटला आणि हजारो लोक किनाऱ्याकडे हाकले गेले. १८२१ साली ओसोगुन गावातून धरून नेलेला एक मुलगा, अजायी, इंग्रज आरमाराने जहाजावरून सोडवला. पुढे तो सॅम्युअल अजायी क्राउथर म्हणून १८६४ साली पहिला आफ्रिकी अँग्लिकन बिशप झाला. जे सुटले नाहीत ते ब्राझील आणि क्युबाला पोचले, आणि त्यांच्याबरोबर शांगोही. ब्राझीलमधल्या बाहियाच्या देवळांमध्ये त्याची पूजा आजही चालते.

राज्य कोसळत असतानाचं एक चित्र मात्र फार मजेशीर आहे. १८२६च्या जानेवारीत ह्यू क्लॅपर्टन हा इंग्रज आरमाराचा अधिकारी राजधानीत पोचला. शहराचा घेर त्याने पंधरा मैलांच्या आसपास अंदाजला. बायका किती, असं विचारल्यावर राजाने सांगितलं की आकडा माहीत नाही, पण हातात हात धरून उभ्या केल्या तर समुद्राकडच्या एका दूरच्या गावापर्यंत पोचतील. पाहुण्यांसाठी राजाने सोंगांचा खेळ ठेवला. आधी गोण्यांत शिरलेली माणसं नाचली, मग गोणीतून अजगर सरपटत निघाला, आणि शेवटी आलं एक पांढरं भूत. पांढरा मुखवटा, थंडीने काकडणारं अंग, चालताना जपून टाकलेली पावलं, मधूनच तपकिरीची चिमूट. गोऱ्या माणसाची ती नक्कल होती. सगळं शहर हसून लोळत होतं आणि वळून वळून क्लॅपर्टनकडे पाहत होतं. त्यानेही हे सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, हे त्याचं मोठेपण.

दहा वर्षांत ते शहर ओस पडलं. आज तिथे ओल्ड ओयो नॅशनल पार्क आहे. अतिबा नावाच्या राजपुत्राने बरंच दक्षिणेला, इबादानच्या उत्तरेला नवं ओयो वसवलं. तेच आजचं ओयो. अतिबानेही एक तारण सोडवून घेतलं. आरेमोने बापाबरोबर मरायचं हा रिवाज त्याने सरदारांकडून बंद करवून घेतला, जेणेकरून मुलगा अदेलू गादीवर यावा. १८५९ साली अतिबा वारला आणि अदेलू राजा झाला. इजायेचा म्हातारा सरदार कुरुन्मी मात्र म्हणाला, हा राजा नाही, रिवाजाप्रमाणे हा मेलेला असायला हवा. या एका मुद्द्यावरून १८६० ते १८६२ युद्ध झालं आणि इजाये बेचिराख झालं.

पुढे इंग्रज आले. १८९५ साली कॅप्टन बोवरने ओयोवर तोफा डागल्या, आणि नंतर त्यांच्याच रेसिडेंटांनी अलाफिनला पूर्वी कधी नव्हते इतके अधिकार देऊन टाकले. अंडी पाठवायची सोय आता उरली नव्हती.

१९४४च्या अखेरीस अलाफिन लादिग्बोलू वारले. रिवाजाप्रमाणे त्यांचा अश्वाध्यक्ष जिनादू मरणाच्या तयारीने, पांढरी वस्त्रं नेसून ओयोला आला. जिल्ह्याच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याला अडवून ताब्यात घेतलं. बाप जगला, म्हणून त्याच्या धाकट्या मुलाने, मुरानाने, बापाच्या जागी आपला जीव दिला. वोले शोयिंका यांचं १९७५ सालचं ‘डेथ अँड द किंग्ज हॉर्समन’ हे नाटक याच घटनेवर बेतलेलं आहे. शोयिंका यांचं म्हणणं असं, की याला दोन संस्कृतींची टक्कर म्हणून वाचू नका. नाटकाचा गाभा अश्वाध्यक्षाच्या मनातली ऐनवेळची चलबिचल हा आहे. ओयोचा मागचा एकशे सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला की त्यांचं म्हणणं पटतं. शब्द दिलेला माणूस ऐनवेळी थबकतो, ही गोष्ट तिथे १७७४ पासून चालू होती.

आजचा अलाफिन मरणाच्या नव्हे, सरकारी कायद्याच्या बोलीवर गादीवर बसतो. ५१ वर्षं राज्य केलेले लामिदी अदेयेमी तिसरे एप्रिल २०२२ मध्ये वारले. ओयो मेसीने आपला उमेदवार सुचवला, राज्य सरकारने तो नाकारला, प्रकरण कोर्टात गेलं आणि गादी जवळजवळ पावणेतीन वर्षं रिकामी राहिली. जानेवारी २०२५ मध्ये गव्हर्नर सेयी माकिंदे यांनी कॅनडात राहिलेल्या अबिम्बोला ओवोआदे यांना मान्यता दिली. त्याआधी इफा या योरुबांच्या कौल घेण्याच्या पद्धतीचे विख्यात पंडित प्राध्यापक वांदे अबिम्बोला यांनी कौल घेतला होता. काही सरदारांनी निवड अमान्य असल्याचं सांगितलं. ५ एप्रिलला राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इफेच्या ओनींनी एका उद्योगपतीला साऱ्या योरुबा मुलखाच्या नावाने पदवी दिली, तेव्हा नव्या अलाफिनने ती ४८ तासांत मागे घ्यावी, असा इशारा दिला. अख्ख्या योरुबा मुलखाच्या नावाने पदवी देण्याचा अधिकार आपला, असं अलाफिनचं म्हणणं. ओनींनी पदवी मागे घेतली नाही.